घटनादुरुस्ती समजावी कशी आणि लक्षात ठेवावी कशी

(मावळ तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



आजच्या भाषणासाठी जो विषय मला नेमून देण्यात आला आहे, तो ऐकताच आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांपुढे आकड्यांची एक लांबलचक यादी उभी राहिली असेल. आपली राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आली. तेव्हापासून २०२३ अखेरपर्यंत तिच्यात १०६ दुरुस्त्या झाल्या. त्यांचे क्रमांक, त्यांची साले आणि त्यांचे विषय यांचे तक्ते बाजारात मिळतात. स्पर्धा परीक्षेच्या आदल्या रात्री ते पाठ होतात आणि परीक्षा उलटून आठवडा होण्यापूर्वीच विसरले जातात. हा दोष स्मरणशक्तीचा नव्हे. ज्या गोष्टीचे कारण आपल्याला ठाऊक नसते ती गोष्ट मन धरून ठेवीत नाही, हा अनुभव आपण रोजच्या अध्यापनात घेतच असतो.

म्हणून मला आज आपणांपुढे एकच गोष्ट मांडावयाची आहे. ती अशी की, एखादी घटनादुरुस्ती आपल्या गावात कोणाच्या दाराशी येऊन पोहोचली हे पाहिले, म्हणजे तिचा अर्थ उमगतो आणि अर्थ उमगला की क्रमांक मागोमाग येतो. १०६ पैकी सात-आठ दुरुस्त्या तरी अशा आहेत की, त्यांच्या खुणा पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळ या आपल्या तिन्ही खोऱ्यांत शिक्षकाला बोटाने दाखविता येतील.

कौले आणि आढे

'दुरुस्ती' हा शब्द आपण घरांच्या बाबतीतही वापरतो. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावरचा पाऊस आपणांस सांगावयास नको. जुन्या कौलारू घरांत राहणारी माणसे मृगापूर्वी घर शाकारून घेत असत. फुटलेली कौले काढावयाची, नवी बसवावयाची, कुजलेली रीप बदलावयाची, हे काम दरसाल चाले. शाकारले म्हणून घर पराभूत झाले, असे कोणी म्हणत नसे. उलट जे घर शाकारले जात नाही ते गळते. परंतु शाकारणाऱ्याने आढ्याला किंवा मेढीला हात लावावयाचा नाही, हेही सर्वांना ठाऊक असे. आढे काढले तर ती दुरुस्ती राहत नाही. घरच जमिनीवर येते.

घटनेच्या बाबतीतही नेमका हाच प्रश्न एकदा सर्वोच्च न्यायालयापुढे आला. केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायाधीशांच्या पीठाने २४ एप्रिल १९७३ रोजी ७ विरुद्ध ६ अशा मताधिक्याने निर्णय दिला की, संसदेला घटनेच्या कोणत्याही भागात दुरुस्ती करता येईल. मात्र घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. लोकशाही, कायद्याचे राज्य, न्यायालयांचे स्वातंत्र्य ही आपल्या घरची आढी होत. बाकीची कौले काळाप्रमाणे बदलता येतात.

ही शाकारणी कोण करतो, हेही मुलांना सांगावे. अनुच्छेद ३६८ प्रमाणे लोकसभा व राज्यसभा या दोन्ही सभागृहांत वेगवेगळे मतदान व्हावे लागते. प्रत्येक सभागृहाच्या एकूण सभासदांपैकी निम्म्याहून अधिक आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी किमान दोन-तृतीयांश सभासद अनुकूल असावे लागतात. केंद्र आणि राज्ये यांच्या परस्परसंबंधांचा प्रश्न असेल तर किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमतीही लागते. वस्तू व सेवा करासंबंधीची १०१ वी दुरुस्ती (२०१६) अशाच रीतीने झाली. अमेरिकेच्या घटनेत सव्वादोनशेहून अधिक वर्षांत २७ दुरुस्त्या झाल्या व आपल्याकडे पाऊणशे वर्षांत १०६ झाल्या, याचे एक कारण हे की, आपल्या घटनेत राज्यकारभाराचा बारीकसारीक तपशीलही लिहिलेला आहे. जेथे कौले अधिक, तेथे शाकारणी अधिक.

पाठ्यपुस्तकाचे पहिले पान

आता प्रत्यक्ष पाठाकडे वळू. त्यासाठी कोणतेही वेगळे साहित्य लागत नाही. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकाच्या आरंभी घटनेची उद्देशिका छापलेली असते आणि नागरिकांची मूलभूत कर्तव्येही दिलेली असतात. या दोन मजकुरांत दोन घटनादुरुस्त्या दडलेल्या आहेत. मुले उद्देशिका परिपाठात रोज म्हणतात, परंतु ते त्यांना क्वचितच कोणी सांगितलेले असते.

उद्देशिकेत 'समाजवादी' व 'धर्मनिरपेक्ष' हे शब्द १९४९ साली नव्हते; 'राष्ट्राची एकता' एवढेच होते, 'एकात्मता' नव्हती. हे शब्द ४२ व्या दुरुस्तीने १९७६ साली आले. त्याच दुरुस्तीने १० मूलभूत कर्तव्ये घटनेत घातली. आज मुले मोजतील तर ती ११ भरतील. अकरावे कर्तव्य ८६ व्या दुरुस्तीने, २००२ साली आले. सहा ते चौदा वर्षे वयाच्या आपल्या पाल्यास शिक्षणाची संधी मिळवून देणे हे आईवडिलांचे कर्तव्य आहे, असे ते सांगते. म्हणजे ४२ व्या दुरुस्तीची १० आणि ८६ व्या दुरुस्तीचे १. हा हिशेब चौथीचा मुलगाही विसरणार नाही.

मात्र ४२ वी दुरुस्ती आणीबाणीच्या काळात झाली हेही सांगावे. तिने लोकसभेची मुदत पाच वर्षांवरून सहा वर्षांवर नेली होती आणि न्यायालयांचे अधिकार आखडले होते. त्यांतील बराच भाग ४३ व्या (१९७७) आणि ४४ व्या (१९७८) दुरुस्तीने मागे घेतला गेला. चुकीच्या बसलेल्या कौलाची दुरुस्तीही दुरुस्तीनेच होते, हा धडा त्यांत आहे.

सातबारा आणि पहिली दुरुस्ती

पाठ्यपुस्तकानंतर शेताकडे जावे. घटना लागू होऊन दीड वर्षही झाले नव्हते, तोच १८ जून १९५१ रोजी पहिली दुरुस्ती झाली. तिचे एक मुख्य कारण जमिनीचे होते. राज्यांनी जमीनदारी मोडण्याचे व कुळांना संरक्षण देण्याचे कायदे केले होते. मालमत्तेच्या मूलभूत हक्काच्या आधारे त्यांना न्यायालयांत आव्हाने दिली जात होती. म्हणून घटनेला नववी अनुसूची जोडण्यात आली व तिच्यात १३ कायदे संरक्षणासाठी ठेवण्यात आले. त्या यादीत पहिला क्रमांक बिहारच्या कायद्याचा आहे आणि दुसरा क्रमांक मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९४८ याचा, म्हणजेच आपल्या कूळकायद्याचा आहे.

हा कायदा मावळच्या भातखाचरांत घरोघर माहीत आहे. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून, कायद्यातील अटींच्या अधीन राहून, जमीन कसणारे कूळ तिचे मालक मानले गेले. ज्या घरी कलम ३२-म चे प्रमाणपत्र आजोबांच्या पेटीत जपून ठेवलेले आहे, त्या घरच्या मुलाला पहिली दुरुस्ती शिकवावी लागत नाही. ती त्याच्या सातबाऱ्याच्या इतिहासातच आहे.

याच शेताच्या बांधावर ४४ वी दुरुस्तीही उभी आहे. १९७८ सालच्या या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून निघाला आणि अनुच्छेद ३००-क मध्ये गेला. त्याचा अर्थ असा की, कायद्याच्या आधारावाचून कोणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही. शेजारच्या मुळशी खोऱ्यात १९२१ साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली धरणात जमिनी जाणाऱ्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तेव्हा अशी कोणतीही घटना त्यांच्या पाठीशी नव्हती. पुढे आपल्याही तालुक्यात पवना धरणासाठी व द्रुतगती मार्गासाठी जमिनी गेल्या. ज्या मुलाच्या घरची जमीन अशा कामी गेली आहे, त्याला हा अनुच्छेद समजावून सांगताना आपण राजकारण शिकवीत नाही. त्याचा हक्क व त्या हक्काची मर्यादा दोन्ही सांगत असतो.

वडगावची पाटी

आता चावडीकडे येऊ. ७३ वी दुरुस्ती ग्रामपंचायतींची व ७४ वी नगरपालिकांची. दोन्ही १९९२ सालच्या. पहिली २४ एप्रिल १९९३ रोजी व दुसरी १ जून १९९३ रोजी अंमलात आली. केशवानंद भारती निर्णयाची तारीखही २४ एप्रिलच होती, हे आपल्या ध्यानात आले असेल. दोहोंमध्ये बरोबर २० वर्षांचे अंतर आहे.

हा फरक मुलांना दाखविण्यास मावळ तालुका सोयीचा आहे. खेड्यांत ग्रामपंचायती आहेत. लोणावळा व तळेगाव दाभाडे येथे नगरपरिषदा आहेत. आणि तालुक्याचे ठिकाण जे वडगाव, तेथे पूर्वी ग्रामपंचायत होती, आता नगरपंचायत आहे. खेड्यातून शहराकडे जाणाऱ्या गावासाठी नगरपंचायतीची सोय ७४ व्या दुरुस्तीने घटनेत केली आहे. वडगावच्या कार्यालयावरील पाटी बदलली, याचा अर्थ गाव ७३ मधून ७४ मध्ये गेले, असे मुलांना सांगितले तर दोन्ही क्रमांक एकदम लक्षात राहतात. ७३ व्या दुरुस्तीने अकरावी अनुसूची आली व तिच्यात २९ विषय आहेत. ७४ व्या दुरुस्तीने बारावी अनुसूची आली व तिच्यात १८ विषय आहेत. अकराव्या अनुसूचीतील सतरावा विषय प्राथमिक व माध्यमिक शाळांसह शिक्षण हा आहे. म्हणजे आपले काम तेथे नावानिशी लिहिलेले आहे.

एखादा चौकस शिक्षक विचारील की, महाराष्ट्रात जिल्हा परिषदा तर १ मे १९६२ पासूनच आहेत, मग ७३ व्या दुरुस्तीने नवे काय दिले? तिने हमी दिली. पूर्वी या संस्थांच्या निवडणुका पुढे ढकलणे सोपे होते. दुरुस्तीने पाच वर्षांची मुदत ठरविली, राज्य निवडणूक आयोग निर्माण केला आणि स्त्रियांसाठी किमान एक-तृतीयांश जागा राखल्या. महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्या केल्या. तथापि लिहिलेली हमी आपोआप पाळली जाते असे नाही. २०२२ साली मुदत संपल्यावर आरक्षण व प्रभागरचनेचे वाद न्यायालयांत राहिल्यामुळे पुणे जिल्हा परिषदेसह राज्यातील बहुसंख्य जिल्हा परिषदा दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती होत्या. दुरुस्ती समजलेला नागरिक अशा वेळी विचारणा करतो. ती केवळ पाठ असलेला करीत नाही. हा भेद आपल्या वर्गातच तयार होतो.

येथेच ६१ वी दुरुस्ती जोडून सांगावी. १९८८ सालच्या या दुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ झाले. आज चौथीत बसलेली मुलगी आठ-नऊ वर्षांनी मतदार होईल. आणि गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव तो ग्रामसभेचा सभासद, असे ७३ वी दुरुस्ती सांगते. त्या दिवशी ती मुलगी ग्रामसभेत उठून बोलेल की मागे उभी राहील, हे पुष्कळ अंशी आपल्यावर अवलंबून आहे.

आपल्या शाळेची दुरुस्ती

सर्वांत शेवटी शाळेचे दार. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली कायदेमंडळात तसे विधेयक आणले. ते नामंजूर झाले. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा कायदा केला. घटनेने अनुच्छेद ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांच्या आत असे शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा असे राज्यसंस्थेला सांगितले. पण ते मार्गदर्शक तत्त्व होते, हक्क नव्हता. दहा वर्षांची मुदत १९६० साली संपली. हक्क मिळण्यास २००२ साल उजाडावे लागले. ८६ व्या दुरुस्तीने अनुच्छेद २१-क आला आणि सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा मूलभूत हक्क ठरला. तोही प्रत्यक्षात अंमलात आला तो शिक्षणहक्क कायद्याबरोबर, १ एप्रिल २०१० रोजी. तारीख लक्षात ठेवण्यास सोपी आहे : १ एप्रिल १९५७ रोजी कुळाला जमीन, १ एप्रिल २०१० रोजी बालकाला शाळा. जुना अनुच्छेद ४५ सहा वर्षांखालील मुलांच्या संगोपनाकडे व शिक्षणाकडे वळविण्यात आला; आपल्या शेजारची अंगणवाडी त्याच वाटेवर आहे.

बंधुभगिनींनो, या दुरुस्तीचा कस कोठे लागतो? कातकरी वाडीवरचे मूल आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाते आणि दिवाळीनंतर चार महिन्यांनी परत येते, तेव्हा तो लागतो. त्याच्याजवळ जन्मदाखला नसतो, मागच्या शाळेचा दाखला नसतो, वय नऊ वर्षांचे आणि अक्षरओळख पहिलीची असते. कायदा सांगतो की, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही, दाखला येण्यास उशीर झाला म्हणून थांबविता येणार नाही, आणि त्याला वयानुरूप वर्गात बसवून विशेष शिक्षण द्यावे लागेल. पटावर नाव घालावयाचे की 'जूनमध्ये या' म्हणावयाचे, हा निर्णय त्या क्षणी शाळेच्या उंबऱ्यावर होतो. तेथे उभ्या असलेल्या शिक्षकाला ८६ हा आकडा आठवला नाही तरी चालेल. त्या मुलाचा हक्क आठवला पाहिजे. संसदेत झालेली ही दुरुस्ती खरोखर पुरी होते ती तेथेच.

पाठाची रीत

आता थोडे व्यवहाराचे. प्रत्येक दुरुस्तीसाठी फळ्यावर चार रकाने आखावेत : आधी काय होते, काय अडले, काय बदलले आणि आपल्या गावात ते कोठे दिसते. चौथा रकाना मुलांनीच भरावयाचा. जी दुरुस्ती या चार रकान्यांत बसली ती ध्यानात राहील.

काही गोष्टी गटाने लक्षात ठेवाव्यात. मूळ घटनेत ८ अनुसूची होत्या, आज १२ आहेत. नववी पहिल्या दुरुस्तीने, पक्षांतरासंबंधीची दहावी ५२ व्या दुरुस्तीने (१९८५), अकरावी ७३ व्या आणि बारावी ७४ व्या दुरुस्तीने आली. आठव्या अनुसूचीत आरंभी १४ भाषा होत्या. २१ व्या दुरुस्तीने (१९६७) सिंधी ही १, ७१ व्या दुरुस्तीने (१९९२) कोकणी, मणिपुरी व नेपाळी या ३ आणि ९२ व्या दुरुस्तीने (२००३) बोडो, डोगरी, मैथिली व संथाळी या ४ भाषा आल्या. १४, १, ३ आणि ४ मिळून २२ : बेरजेचे एक उदाहरणच झाले.

तीन ठिकाणी मात्र सावध राहावे. पहिले, विधेयकाचा क्रमांक व दुरुस्तीचा क्रमांक एकच नसतो. २०२३ साली लोकसभा व विधानसभांत स्त्रियांना एक-तृतीयांश जागा देणारे विधेयक १२८ वे होते, पण दुरुस्ती १०६ वी ठरली. दुसरे, दुरुस्तीचे साल व अंमलाचे साल वेगळे असू शकते. ८६ व्या दुरुस्तीचे आपण पाहिलेच. १०६ व्या दुरुस्तीतही प्रत्यक्ष आरक्षण पुढील जनगणना व मतदारसंघांची पुनर्रचना यांच्याशी जोडण्यात आले. तिसरे, घटनेतील प्रत्येक बदलाला क्रमांक मिळतोच असे नाही. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, घटनेच्या पहिल्या अनुसूचीत त्याचे नाव आले, तरी त्या घटनेला दुरुस्तीचा क्रमांक नाही. कारण अनुच्छेद ३ व ४ प्रमाणे राज्यांची फेररचना साध्या कायद्याने होते. 'महाराष्ट्र कितव्या दुरुस्तीने झाला?' असे कोणी विचारले तर 'कोणत्याच नाही' हेच बरोबर उत्तर होय.

आपल्या तालुक्यात तळेगाव दाभाडे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे निवासस्थान होते व ते त्यांचे स्मारक म्हणून आज जपले जाते. शक्य असेल त्या शाळेने मुलांची सहल तेथे न्यावी आणि हे चार रकाने तेथे बसून भरावेत. घटना लिहिणाऱ्यांनीच तिच्यात दुरुस्तीचे कलम ठेवले. आपल्या नंतरची माणसेही विचार करतील, त्यांच्याही अडचणी असतील, ही समज त्या कलमामागे आहे. ती पुढील माणसे म्हणजे आपल्या वर्गांत आज बसलेली मुले. त्यांना कौल कोणते आणि आढे कोणते हे ओळखता यावे, एवढे जरी आपल्या हातून झाले तरी पुष्कळ झाले.